उजव्या हाताची खोळ

एका अरुंद रस्त्यावर समोरासमोर दोन बेकऱ्या आहेत आणि दोन्हींच्या गल्ल्यामागे एकाच वडिलांचा फोटो लावलेला आहे. अलीकडची थोरल्याची, पलीकडची धाकट्याची. फोटोही एकाच प्रतीचे, फक्त धाकट्याकडच्या फोटोत वडील जरा जास्त हसल्यासारखे दिसतात, असं थोरल्याचं म्हणणं होतं. त्याच्या मते ती काचेची करामत होती.

दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. कारण गुलाब. थोरला केकवरचा प्रत्येक गुलाब हाताने काढी. क्रीमचा कोन उजव्या हातात, पाकळीवर पाकळी, आणि चव डाव्या हाताच्या तर्जनीने घ्यायची. धाकट्याने एके दिवशी रबराचा साचा आणला. त्यात क्रीम दाबलं की गुलाब तयार, शंभर काढले तरी सगळे एकसारखे. थोरल्याने तो साचा उचलून पाहिला, खाली ठेवला आणि म्हणाला, "यापेक्षा बटणं शिव." त्यानंतर धाकट्याने रस्त्यापलीकडचं दुकान घेतलं.

आई थोरल्याच्या बेकरीच्या वर राहायची आणि दुपारचा चहा धाकट्याकडे घ्यायची. दोन्ही घरांतल्या बातम्या तिच्याबरोबर रस्ता ओलांडत. आता येत्या रविवारी तिचा ऐंशीवा वाढदिवस होता. तिच्या वाढदिवसाचा केक दरवर्षी थोरलाच करी. धाकटा येऊन खाई आणि आईकडे बघून "छान झालाय" म्हणे. थोरला भिंतीकडे बघून "आवडला म्हणायचा" म्हणे. एवढाच त्यांचा वर्षाचा संवाद.

त्या आठवड्याच्या सुरुवातीला थोरला क्रीम फेटता फेटता पोट धरून खाली बसला. दुखणं पोटातून पाठीपर्यंत आरपार जात होतं. त्याच्या बायकोने त्याला रिक्षात घालून इस्पितळात नेलं. तिथे तातडीच्या विभागात त्याच्या डाव्या हातातून रक्त काढलं आणि त्याच हाताला सलाईन लावलं. वेदनेपुढे त्याला कुठल्या हाताचं काय चाललंय याचं भान नव्हतं.

"पित्ताशयातला एक खडा नळीत अडकला," वॉर्डातल्या डॉक्टरबाईंनी सांगितलं. त्या तरुण होत्या, बोलायला स्वच्छ होत्या आणि त्यांच्या पायात धावायचे बूट होते. "त्यामुळे स्वादुपिंडाला सूज आली आहे."

"स्वादुपिंड," थोरला म्हणाला. नाव त्याला आवडलेलं दिसलं. "म्हणजे चवीचं काम करणाऱ्यांनाच होत असेल."

"कुणालाही होतं. तुमच्या शेजारच्या खाटेवर बसचे ड्रायव्हर आहेत, त्यांनाही हेच झालंय. आता सलाईन भरपूर घ्यायचं आणि तोंडाने काहीही नाही."

"काहीही म्हणजे?"

"काहीही."

"नुसती चव घेतली तर? बोटभर?"

"बोटसुद्धा नाही."

इंजेक्शनाने कळा ओसरल्यावर थोरल्याने पहिली गोष्ट मागितली ती पाणी नव्हे. "अगं, माझी खोळ आण," तो बायकोला म्हणाला.

खोळीबद्दल थोडं सांगायला हवं. मैद्याच्या गोणीचं पांढरं कापड, आत कापूस, मनगटाशी नाडी. बेकरीबाहेर पडताना थोरला ती उजव्या हातावर चढवी आणि परत आल्यावरच काढी. कामाच्या हाताला थंडी लागू नये, ओरखडा येऊ नये, त्याने पिशव्या उचलू नयेत, आणि कुणी तो हात जोरात दाबून हस्तांदोलनही करू नये. हे त्याच्या वडिलांनी लहानपणी घालून दिलेलं होतं. जुनी खोळ विटली की बायको नवी शिवी. रस्त्यावरच्या लोकांना त्याची इतकी सवय होती की उघड्या हाताचा थोरला दिसला तर ते ओळख द्यायला क्षणभर थांबत.

इस्पितळात मात्र ही पद्धत कुणाला माहीत नव्हती. वॉर्डातल्या सिस्टर आल्या. त्यांनी खाटेवर एक बेकरीवाला पाहिला आणि त्याच्या उजव्या हातावर पांढरा, गुबगुबीत, नाडीने बांधलेला गोळा पाहिला.

"हाताला काय झालंय?"

"हा हात वापरायचा नाही," थोरला गुंगीत म्हणाला.

"भाजलंय का?"

"बेकरी आहे आमची."

त्याच्या मते हे पूर्ण उत्तर होतं. सिस्टरांच्याही मते होतं. खाटेच्या डोक्याशी पाटी टांगलेली होती, तिच्यावर त्यांनी लिहिलं: उजवा हात, ड्रेसिंग, हात लावू नये. थोरल्याने मान वर करून ते वाचलं आणि इस्पितळ चांगलं आहे असं बायकोला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त घेणारी मुलगी आली. नवी होती आणि तिच्या ट्रेमध्ये अजून अख्ख्या वॉर्डाच्या नळ्या रिकाम्या होत्या. तिने पाटी वाचली. उजवा हात नाही, मग डावा. डाव्या हाताच्या मनगटाशी सलाईन चालू होतं. तिने त्याच हाताला कोपरापाशी सुई टोचली आणि पुढच्या खाटेकडे गेली.

दुपारी अहवाल आला. आदल्या दिवशी हिमोग्लोबिन साडेतेरा होतं, ते नऊवर आलं होतं.

डॉक्टरबाईंनी थोरल्याच्या डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या. आत छान गुलाबी होतं. नाडी ठीक, रक्तदाब ठीक, आवाज गरजेपेक्षा ठीक. "सलाईनने रक्त थोडं पातळ होतं," त्या म्हणाल्या, "पण इतकं नाही. उद्या परत बघू."

उद्या परत बघितलं. तीच मुलगी, तीच पाटी, तेच कोपर. सात.

आता मात्र सगळ्यांची पळापळ झाली. आत कुठे रक्तस्राव होतोय का हे पाहायला थोरल्याला स्कॅनच्या बोगद्यात घालून आणलं. त्याच्या स्वादुपिंडाला सूज होती, एवढंच नवीन कळलं, आणि तेही जुनंच होतं. रक्त कुठेही सांडलेलं नव्हतं.

"मग गेलं कुठे?" आईने विचारलं. ती खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर बसली होती, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात.

थोरल्याच्या बायकोने गादी उचलून खाली पाहिलं. मग चादर झटकली. मग नवऱ्याला कुशीवर वळवून पाठ तपासली.

"ढेकूण असतील का गं?" आई म्हणाली.

"माझ्याकडून तिकडे काही आलेलं नाही हं," शेजारच्या खाटेवरून बसड्रायव्हर म्हणाला. तो बारीक, पिवळट आणि शांत माणूस होता. आल्यापासून तो स्वतःहून बोललेलं हे पहिलं वाक्य. त्याचं हिमोग्लोबिन आला तेव्हाच आठ होतं. दिवसभर सीटवर बसून त्याला एक दुखणं जडलं होतं, त्यातून कैक महिने रक्त जात होतं आणि लाजेपोटी त्याने ते घरीही सांगितलं नव्हतं. पण त्याचं आठ आल्यापासून आठच होतं. थोरल्याचं घसरत होतं, त्यामुळे सगळ्यांचे डोळे थोरल्याकडे होते.

डॉक्टरबाई परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात आणखी एक अहवाल होता. खात्री करून घ्यावी म्हणून त्यांनी नमुना पुन्हा घ्यायला लावला होता. सहा पूर्णांक आठ.

"हे बघा," त्या खाटेच्या कडेला टेकून म्हणाल्या, "या आजारात रक्त कमी असलेल्या माणसाला सावरायला वेळ लागतो. मूत्रपिंडं कुरकुरतात, श्वासाचा त्रास होऊ शकतो, मुक्काम वाढतो. रक्त इतकं उतरत असेल तर मी वाट बघत बसणार नाही. आज रक्ताची सोय करा. उद्याचा अहवाल याहून खाली आला, तर यांना अतिदक्षता विभागात हलवते."

"आणि रविवार?" थोरल्याने विचारलं.

"रविवारचं काय?"

"आईचा ऐंशीवा आहे. केक मी करतो. मला दोन तास सोडा, मी येतो परत."

"तुम्ही खाटेवरून उतरायचंसुद्धा नाही."

थोरल्याचा चेहरा पडला. सहा पूर्णांक आठ ऐकून तो पडला नव्हता.

"मग केक कोण करणार?" बायकोने हळूच विचारलं.

"समोरचा करेल की," आई म्हणाली.

"तो? तुझ्या ऐंशीव्याला साच्यातले गुलाब? सगळे एका आईचे असल्यासारखे?"

"तुम्ही दोघं एका आईचेच आहात," आई म्हणाली. "तेवढे कुठे सारखे झालात? आणि रक्तही तोच देतोय. मी मघाशीच फोन केला त्याला."

थोरला उठून बसायला गेला. सलाईनच्या नळीने त्याला परत खाली ओढलं. "त्याचं रक्त मी घेणार नाही."

"अहो, असं काय करता?" बायको म्हणाली.

"उद्या माझ्या हातातून एकसारखे गुलाब यायला लागले तर? मी काय करायचं मग? जगून?"

डॉक्टरबाईंनी आवाज शक्य तितका सपाट ठेवला. "रक्तातून गुलाब जात नाहीत. शिवाय त्यांनी दिलेली बाटली तुम्हालाच चढेल असंही नाही. ती पेढीत जमा होते, तपासली जाते, तुम्हाला तिथली जुळणारी मिळते."

"नेमकी तीच मिळाली तर? आमच्याकडे एकदा निवृत्तीचा केक एका बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला गेला होता. आता तरी विश्रांती घ्या, असं लिहिलेला. आणि आम्ही तर दोनच केक केले होते त्या दिवशी. तुमच्याकडे किती बाटल्या?"

"बाळाची आई रडली होती," बायकोने माहिती पुरवली. "म्हणाली, माझ्याच मनातलं लिहिलंय."

डॉक्टरबाई उठल्या. रक्तपेढीत थोरल्याच्या रक्तगटाच्या बाटल्या आहेत की नाहीत हे स्वतःच बघून यावं म्हणून त्या तळमजल्यावर गेल्या. बसड्रायव्हरसाठीही एक बाटली त्यांना हवीच होती, ती कालपासून मिळत नव्हती.

रक्तपेढीत तीन आरामखुर्च्या होत्या. मधल्या खुर्चीत एक रुंद माणूस आडवा झाला होता. अंगावर मैदा, डाव्या हातात सुई, बाटली भरत आलेली. आणि उजव्या हातावर पांढऱ्या कापडाचा, गुबगुबीत, नाडीने बांधलेला गोळा.

डॉक्टरबाई त्याच्यावरून पुढे गेल्या, थांबल्या आणि मागे आल्या.

"तुमचाही हात भाजलाय?"

"नाही हो," धाकटा म्हणाला.

"मग हे ड्रेसिंग कसलं?"

"ड्रेसिंग कुठलं, खोळ आहे ही. कामाचा हात आहे ना. याला आम्ही सुई लावू देत नाही. या ताईंनासुद्धा सांगितलं, काय घ्यायचं ते डाव्यातून घ्या."

"आम्ही म्हणजे कोण?"

"मी आणि दादा. वर आहे ना तो, बेकरीवाला. आमच्यात पहिल्यापासून आहे हे. वडिलांची शिकवण."

डॉक्टरबाईंनी पुन्हा त्या गोळ्याकडे पाहिलं. मग त्यांनी डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांपुढे बहुधा खाटेची पाटी, सलाईनचा हात आणि त्याच हाताचं कोपर एकापाठोपाठ एक येऊन गेलं असावं, कारण त्यांच्या तोंडून एक शब्द निघाला. तो इथे देता येत नाही. मग त्यांचे धावायचे बूट जिन्यावर वाजायला लागले.

"काय झालं? दादाला काय झालं?" धाकटा ओरडला. पण बाटली भरत होती आणि त्याला उठता येईना.

वर वॉर्डात डॉक्टरबाई धापा टाकत थोरल्याच्या खाटेशी आल्या आणि खोळीकडे बोट दाखवलं. "या आत जखम आहे का?"

"जखम?" थोरला दुखावला. "या हाताला? या हाताला जन्मात ओरखडा आलेला नाही!"

डॉक्टरबाई स्टुलावर बसल्या. त्यावर आई आधीच बसलेली होती. आई थोडी सरकली.

"ऐका," त्या म्हणाल्या. "सलाईन चालू असलेल्या हातातून, त्याच्याच वरच्या बाजूने रक्त काढायचं नसतं. त्यात सलाईन मिसळून येतं. उजवा हात बंद समजून तीनदा तेच झालं. मी तुमचं रक्त तपासतच नव्हते. रक्त घातलेलं सलाईन तपासत होते. चूक आमची आहे. पाटीवर लिहिलं होतं म्हणून कुणीच, मीसुद्धा, ते सोडून पाहिलं नाही."

"म्हणजे यांचं रक्त आहे?" बायकोने विचारलं.

"आहे असं मला वाटतं. किती आहे ते आत्ता बघू. उजव्या हातातून घेऊ."

"नाही," थोरला म्हणाला.

"नाही म्हणजे?"

"पायातून घ्या."

"इथे चांगली शीर असताना मी पायात शोधत बसणार नाही."

"मग ते सलाईन बंद करा आणि डाव्यातून घ्या."

"तुमच्या आजाराचं मुख्य औषध ते सलाईन आहे. तुमच्या हट्टासाठी मी ते थांबवणार नाही." डॉक्टरबाईंचा आवाज आता तितका सपाट राहिला नव्हता. "नीट समजून घ्या. उजवा हात दिलात तर खरं काय ते कळेल. खरं चांगलं निघालं तर रविवारचा विचार करता येईल. नाही दिलात तर मला जो कागद हातात आहे त्यावरच चालावं लागेल."

थोरल्याने खोळ छातीशी धरली. एका बाजूला आईचा केक, दुसऱ्या बाजूला तो ज्या हाताने करायचा तो हात. "सुई शिरेत गेली आणि बोट आखडलं तर? पाकळी अर्ध्या केसाने हलली तरी गुलाबाची कोबी होते. बाबा सांगून गेलेत, कारागिराचा हात म्हणजे—"

"अंगठा चोखायचास तू," आई म्हणाली.

थोरल्याने मान वळवून आईकडे पाहिलं.

"काय?"

"अंगठा. उजव्या हाताचा. चांगला घोड्याएवढा झालास तरी चोखायचास. वडील तुझे कणीक मळत असायचे आणि तू शेजारी पिंपावर बसून चुपूचुपू. मिरची लावून झाली, कडू औषध लावून झालं, तू तेही आवडीने खाल्लंस. शेवटी मी गोणीचं कापड घेतलं आणि खोळ शिवली."

"तू शिवलीस?"

"मग कोण शिवणार? तुझे वडील?"

एव्हाना दारात धाकटा येऊन उभा होता. डाव्या कोपरावर कापूस, उजव्या हातावर खोळ, चेहरा जिने चढून लाल. "आई, काय बोलतेस तू हे? बाबा म्हणायचे, आपला हात म्हणजे—"

"खोळ काढून टाकायचा हा," आई म्हणाली. "दातांनी नाडी सोडायचा. मग यांनी युक्ती केली. म्हणाले, बाळा, हा कारागिराचा हात आहे, जपायचा असतो. तेव्हापासून जो जपायला लागला!"

"आणि माझी?" धाकट्याने विचारलं. "मी पण चोखायचो?"

"तू कुठला? तुझा अंगठा कधी तोंडाजवळसुद्धा गेला नाही. दादाला आहे, मला का नाही, म्हणून तू जमिनीवर लोळलास. शेवटी तुलाही एक शिवली."

दोन्ही भावांनी आपापल्या खोळीकडे पाहिलं. मग एकमेकांच्या.

"हे तू आम्हाला कधी सांगणार होतीस?" थोरल्याने विचारलं.

"सांगणार होते रे. मग शाळा सुरू झाल्या, तुझी मुंज—" आई थांबली, "नाही, मुंज नव्हे, गोवर. तुझा गोवर आला. राहून गेलं. आणि तुम्ही इतकं मनापासून जपत होतात. म्हटलं असू दे, हात तरी स्वच्छ राहतो."

शेजारच्या खाटेवरून विचित्र आवाज येऊ लागला. बसड्रायव्हर पोट धरून हसत होता आणि प्रत्येक हसण्याला कळवळत होता. "हसवू नका हो," तो म्हणाला. "स्वादुपिंड दुखतंय."

थोरल्याने दातांनी नाडी सोडली, अगदी सराईतपणे, आणि ते आपल्याच लक्षात आल्यावर घाईघाईने तोंड बाजूला केलं. आतून निघालेला हात गोरापान, मऊ आणि जरा घाबरलेला होता. त्याने तो पुढे केला.

डॉक्टरबाईंनी स्वतः रक्त घेतलं. थोरल्याने दुसरीकडे बघितलं. दुसरीकडे धाकटा होता, म्हणून तिसरीकडे बघितलं.

"झालं," डॉक्टरबाई म्हणाल्या.

थोरल्याने बोटं हलवली. हवेत एक अदृश्य कोन धरून एक पाकळी ओढली, तिच्यावर दुसरी. धाकटा बारकाईने बघत होता.

"येतंय की," धाकटा म्हणाला. भावाला उद्देशून त्याने उच्चारलेले कित्येक वर्षांतले ते पहिले शब्द. थोरल्याने भिंतीकडे पाहिलं नाही.

"येतंय," तो म्हणाला.

अहवाल तासाभरात आला. बारा पूर्णांक दोन. सलाईनने जेवढं पातळ व्हायला हवं तेवढंच. अतिदक्षता विभाग रद्द, बाटली रद्द. सिस्टरांनी ओल्या फडक्याने पाटी पुसली, आणि रक्त घेणाऱ्या मुलीला डॉक्टरबाईंनी बाजूला नेऊन जे सांगायचं ते हळू आवाजात सांगितलं. शेवटी त्या "मीही बघायला हवं होतं" असं म्हणाल्या, ते मात्र सगळ्यांना ऐकू आलं.

"मग मी दिलेलं रक्त?" धाकट्याने विचारलं. तो जरा हिरमुसला होता.

डॉक्टरबाई बसड्रायव्हरच्या खाटेकडे वळल्या. ज्याचं रक्त जागेवर होतं त्याच्यासाठी अख्खा वॉर्ड धावला होता, आणि ज्याचं खरंच कमी होतं तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याची सूज थोरल्यापेक्षा हळू उतरत होती. लघवी कमी झाली होती आणि दोन वाक्यं बोललं की त्याला धाप लागे.

"गट यांच्याशी जुळतो," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तपासण्या झाल्या की ती बाटली यांनाच देता येईल." मग त्या बसड्रायव्हरला म्हणाल्या, "आणि तुमच्या त्या दुसऱ्या दुखण्यावरही आता उपचार होणार आहेत हं, लाजायचं नाही."

बसड्रायव्हरने मान डोलावली. मग धाकट्याकडे पाहून विचारलं, "पण मला गुलाब यायला लागले तर?"

"साच्यातले येतील," थोरला आपल्या खाटेवरून म्हणाला. "सगळे सारखे."

"चालतील की. आमच्याकडे सगळे थांबेसुद्धा सारखेच आहेत."

रविवारपर्यंत थोरल्याचं दुखणं पुष्कळ उतरलं. त्याला पाणी मिळालं, मग पातळ सूप मिळालं, आणि डाव्या हाताचं सलाईन निघालं. सुपाबद्दल त्याने जे मत दिलं ते स्वयंपाकघरापर्यंत पोचवायला सिस्टरांनी नकार दिला. बसड्रायव्हरला बाटली चढली होती आणि ओठांना थोडा रंग आला होता, तरी त्याचा मुक्काम अजून बराच होता. घरी सोडायचं तर थोरल्यालाही नव्हतं. पण वॉर्डाच्या टोकाला भेटायला येणाऱ्यांसाठी एक खोली होती, तिथे अर्धा तास खुर्चीत बसायची परवानगी डॉक्टरबाईंनी दिली.

धाकटा दोन मजली केक घेऊन आला. तळ त्याने भाजला होता, क्रीम त्याने फेटलं होतं. वरचा भाग मोकळा ठेवला होता.

"साचा कुठाय?" थोरल्याने विचारलं.

"आईच्या केकवर साचा?" धाकट्याला राग आला. "मला काय समजलास तू?"

"मग रोज वापरतोस तो?"

"गिऱ्हाइकांच्या केकला. दुकान बंद झालं की हाताने काढतो, रोज. कधीतरी आईचा केक माझ्यावर येईल म्हणून." तो खोळीशी चाळा करत होता. सगळं कळूनही त्याने ती घातलीच होती. "दाखवू?"

त्याने खोळ काढली आणि बशीत एक गुलाब काढला. थोरल्याने बशी फिरवून तो सगळ्या बाजूंनी पाहिला. खोलीत आई, बायको आणि दारात डॉक्टरबाई, सगळे थांबले होते.

"कोबी आहे," थोरला म्हणाला. मग बशी पुन्हा फिरवली. "पण हाताची आहे. खालचे तू काढ, वरचे मी काढतो."

"एक मिनिट," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हे क्रीम आहे. यातलं काहीही, जरासुद्धा, यांच्या पोटात जाता कामा नये. नाहीतर आपण परत पहिल्या दिवसावर."

"नाही जाणार," थोरला म्हणाला.

"जाणार," बायको म्हणाली. "यांचं डावं बोट यांचं ऐकत नाही. झोपेतसुद्धा चव घेतात."

"मी लक्ष ठेवीन ना माझ्यावर!"

आईने पर्स उघडली. आत थोरल्याची खोळ घडी घालून ठेवलेली होती. "हात आण," ती म्हणाली. थोरल्याने सवयीने उजवा पुढे केला. "तो नव्हे रे. दुसरा."

तिने त्याच्या डाव्या हातावर खोळ चढवली आणि मनगटाशी नाडीची गाठ मारली. ओढून पाहिली. मग तिच्यावर आणखी एक मारली, दातांनी सुटू नये अशी.

थोरल्याने उजव्या हातात कोन धरला. सुईच्या जागी लावलेली छोटी चिकटपट्टी अजून तिथेच होती. पहिली पाकळी आली, मग दुसरी, मग अख्खा गुलाब उमलला. तो मागे सरून त्याच्याकडे बघत राहिला, आणि बघता बघता त्याचा डावा हात आपोआप क्रीमच्या भांड्यात गेला, वर आला, आणि गोणीच्या कापडाचा एक मोठा गोळा त्याच्या ओठांवर आपटला.

"बघा!" बायको म्हणाली.

आईने पदराने कापडावरचं क्रीम पुसलं, त्याच्या मिशीवरचंही पुसलं, आणि नाडी जरा आणखी घट्ट केली.